आधी चांदनीचं

अक्कलकुव्यात बसस्टँडसमोर अभिनंदनचं फरसाण-मिठाईचं दुकान आहे. दुकान त्याच्या वडिलांनी काढलं, पण गेली पंधरा वर्षं तिथल्या मालाला जी चव होती ती चांदनीच्या जिभेची. ती लग्न होऊन आली त्याच वर्षी सासऱ्यांच्या लक्षात आलं की या बिनणीला, नव्या सुनेला, जिलेबीचा पाक किंचित कच्चा असला तरी पहिल्या घासात कळतं. तेव्हापासून रोज सकाळी दुकानामागच्या पत्र्याच्या शेडमधून एक ताटली वर घरात यायची. शेव, पापडी, खमण, मोहनथाळ, ज्या दिवशी जे बनलं असेल ते. चांदनी चाखायची आणि खाली निरोप जायचा, ओवा कमी पडलाय, तूप जुनं आहे, आजचा मोहनथाळ छान. तिने हो म्हटल्याशिवाय माल काचेच्या कपाटात जात नसे.

नवरा-बायको दोघंही खाण्यावर प्रेम करणारी. जैनाचं घर, त्यामुळे सूर्य मावळायच्या आत जेवण उरकायचं. दुकान अंकितवर, म्हणजे धाकट्या भावावर, सोपवून अभिनंदन संध्याकाळी वर यायचा, येताना कागदात गरम कचोरी असायची. दोघं गच्चीवर बसून खायची आणि दिवसभराचं बोलून घ्यायची. चांदनीला त्या घरात कुणी कधी जाड म्हणून टोचलं नव्हतं, कारण तिच्या शेजारी बसणारा तिच्यापेक्षा जाड होता. अंकितच्या लग्नात फोटोग्राफर म्हणाला, "दादा-भाभी, तुम्ही दोघं कडेला उभे राहा, म्हणजे बाकीचे मावतील." तेव्हा सगळ्यांत मोठ्याने हसली ती हीच दोघं.

मग अभिनंदनची साखर वाढली. गोळ्यांनी उतरेना, इन्सुलिन सुरू झालं, तळपायांना मुंग्या यायला लागल्या. नंदुरबारच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, वजन उतरवा, नाहीतर पुढे डोळे आणि पाय दोन्ही जातील. त्याच्या सुरतेच्या मावसभावाने वजनाचं ऑपरेशन करून घेतलं होतं आणि तो निम्मा झाला होता. एका संध्याकाळी गच्चीवर अभिनंदन म्हणाला, "चांदनी, आपण दोघं करू."

चांदनीला ऑपरेशनची भीती वाटली, पण 'दोघं' हा शब्द तिला फार आवडला. तिचे गुडघे दुखायचे, जिना चढताना धाप लागायची. दोघं बारीक होऊ, दोघं थोडं थोडं खाऊ, तिने मनाशी ठरवून टाकलं.

सासूबाईंना, हुलासबाईंना, हे पटलं नाही. "पोट कापायचं कशाला?" त्या म्हणाल्या. "पर्युषणात अठ्ठाई कर. आठ दिवस पाण्यावर राहिलं की शरीर आपोआप हलकं होतं."

"दोनदा केली ना बाई," चांदनी म्हणाली. "पारणं झालं की महिन्यात सगळं परत येतं."

"मग तुझ्या मनातच नाही," असं म्हणून हुलासबाई माळ घेऊन बसल्या. मुलाच्या मनात आहे की नाही, हे त्यांनी विचारलं नाही.

सुरतेच्या दवाखान्यात दोघांच्या सगळ्या तपासण्या झाल्या. घशातून दुर्बीण घालून पोटही बघितलं. डॉक्टर तरुण होते, शांत बोलायचे. त्यांनी कागदावर दोन पोटं काढली.

"हे स्लीव्ह," ते पहिल्या चित्रावर पेन टेकवत म्हणाले. "जठराचा मोठा भाग कापून काढायचा. उरतं ते केळ्यासारखं, लांब आणि अरुंद. एकदा कापलं की परत जोडता येत नाही. आणि हे बायपास. यात जठराचा वरचा छोटा कप्पा वेगळा करायचा आणि त्याला आतडं खालून आणून जोडायचं. अन्न बाकीचं जठर टाळून पुढे जातं. साखरेसाठी हे जास्त चांगलं. पण आयुष्यभर लोह, कॅल्शियम, व्हिटॅमिनच्या गोळ्या घ्याव्या लागतात, आणि गोड जास्त खाल्लं तर घाम सुटतो, छाती धडधडते, चक्कर येते."

"आम्हाला कोणतं?" अभिनंदनने विचारलं.

"तुम्हाला बायपास. तुमची साखर बघता मला दुसरं काही सुचवायचं नाही." मग ते चांदनीकडे वळले. "ताई, तुम्हाला जळजळ होते ना?"

"होते. रात्री जेवत नाही तरी होते."

"दुर्बिणीत दिसलंय. अन्ननलिका खालच्या बाजूला लाल झाली आहे. स्लीव्हनंतर हा त्रास वाढू शकतो. काहींचा इतका वाढतो की पुढे बायपास करावाच लागतो. म्हणून तुम्हालाही मी बायपासच सांगेन."

चांदनी मान हलवणार, तेवढ्यात अभिनंदन खुर्चीत पुढे सरकला. "साहेब, एक अडचण आहे. आमचं मिठाईचं दुकान आहे. रोजचा माल हीच चाखते. गोड चाललं नाही तर धंदा कसा व्हायचा?"

"चाखायला हरकत नाही. चिमूटभर जिभेवर ठेवल्याने काही होत नाही."

"हिचं चिमूटभर होत नाही ना, साहेब," अभिनंदन म्हणाला आणि हसला. कोपऱ्यात उभी असलेली नर्सही हसली. चांदनी पण हसली, सवयीने. हसून झाल्यावर तिला वाटलं, हे तो गच्चीवर म्हणाला असता तर चाललं असतं.

"स्लीव्ह करता येणारच नाही असं आहे का?" अभिनंदनने विचारलं.

"करता येईल. धोका मी सांगितला. ठरवायचं तुम्ही." डॉक्टर 'तुम्ही' म्हणताना चांदनीकडे बघत होते. पण गाडीत बसेपर्यंत ते ठरून गेलं होतं.

वाटेतलं सागबारा गाव मागे पडल्यावर ती म्हणाली, "डॉक्टर तर बायपास म्हणाले."

"दोन्ही चालतील असंही म्हणाले. डॉक्टर सगळं जास्तीचं सांगतात, उद्या काही झालं तर त्यांच्यावर यायला नको म्हणून. जळजळ काय, गोळीने जाते. जीभ गेली तर दुकान जाईल."

"आणि तुमचं?"

"माझं बायपास. तेच करायचं." त्याने पुढचा ट्रक ओलांडला. "पण दोघं एकदम आडवे पडलो तर दुकान कोण बघणार? अंकितच्याने एकट्याच्याने होत नाही. आधी तुझं होऊन जाऊ दे. तुला कसं मानवतं ते बघू, मग लगेच माझं."

चांदनीला ते बरोबर वाटलं. दुकानाचं सगळं तिलाही कळत होतं. आणि त्याने 'लगेच' म्हटलं होतं.

तिचं ऑपरेशन नीट झालं. पहिले काही आठवडे पाण्याचा घोटही मोजून घ्यावा लागला, मग पातळ, मग मऊ, मग वाटीभर खिचडी. वजन भराभरा उतरलं. गुडघे दुखायचे थांबले. जिना ती न थांबता चढायला लागली. गल्लीतली मदिना शिवणकाम करायची, ती दर महिना-दोन महिन्यांनी तिचे तेच ब्लाउज पुन्हा पुन्हा आवळून द्यायची.

"भाभी, आता यात कापडच उरलं नाही," मदिना तोंडात टाचणी धरून म्हणायची. "नवीनच शिवा. शेठचं कधी आहे?"

"दिवाळी झाली की," चांदनी म्हणाली.

दिवाळी झाली. अभिनंदन म्हणाला, लग्नसराई संपू दे. लग्नसराई संपल्यावर पावसाळ्यात जखमा लवकर भरत नाहीत असं त्याला कुणीतरी सांगितलं. गच्चीवरचं खाणं बंद झालं होतं. सुरुवातीला तो कचोरी आणायचा, ती एक कोपरा मोडून घ्यायची आणि बाकीची तो संपवायचा. मग एक दिवस त्याने आणलीच नाही. "तू अशी बघत बसतेस, मला घास उतरत नाही," तो म्हणाला. ती बघत नव्हती. ती त्याला अंकितच्या सासरचं काहीतरी सांगत होती. त्यानंतर तो खालीच, दुकानात, खाऊन वर येऊ लागला. वर आला की टीव्ही लावायचा.

बाहेरच्यांना मात्र ती आवडायला लागली होती. मंदिरात बायका थांबवून विचारायच्या. एका लग्नात कुणीतरी अभिनंदनला गमतीने म्हणालं, "शेठ, मुलीला घेऊन आलात का?" घरी आल्यावर तो आईला म्हणाला, "हिच्यासाठी केलं सगळं, आणि लोकांसमोर हसं माझं होतं."

जळजळ वाढत गेली ती याच काळात. आधी फक्त वाकल्यावर आंबट पाणी घशाशी यायचं. मग काहीही खाल्लं की यायचं. आडवं झालं की छातीत निखारा ठेवल्यासारखं व्हायचं, म्हणून ती उशा लावून बसल्या बसल्या झोपू लागली. गोळ्या दुप्पट झाल्या. आवाज घोगरा झाला. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे जिभेवर सतत एक आंबट, धातूसारखी चव बसून राहिली. मोहनथाळात वेलची किती आहे ते तिला कळेना. ती अंदाजाने सांगू लागली. कधी कधी ताटली घेऊन आलेला कारागीर तिच्याकडे नुसता बघत राहायचा.

होळीआधीचा मोठा बाजार अक्कलकुव्याला वर्षभराचा धंदा देऊन जातो. डोंगरातून माणसं उतरतात, जिलेबीच्या कढया दिवसभर उतरत नाहीत. त्या सकाळी ताटली वर आली. चांदनीने जिलेबीचा एक तुकडा तोंडात घातला, गिळला, आणि तो तसाच घसा जाळत वर आला. ती मोरीकडे धावली. बाहेर आली तेव्हा ताटली तिथे नव्हती.

"रूपल घेऊन गेली," हुलासबाई म्हणाल्या. रूपल म्हणजे अंकितची बायको. "आता तू पड. रोज उठून तुझी उलटी बघत धंदा होत नाही."

बाजार संपल्यावर संध्याकाळी अंकित हिशेबाची पेटी घेऊन वर आला. चांदनीने विचारलं, "मालाबद्दल कुणी काही बोललं?"

"काही नाही भाभी. उलट या वेळी जास्त गेला. ते खापर गावचे दरवर्षीचे काका आहेत ना, ते म्हणे, शेठ, जिलबी एक नंबर शे." अंकितने ते तिला बरं वाटावं म्हणून सांगितलं. धंद्याची काळजी करू नका, एवढाच त्याचा अर्थ होता.

दुसऱ्या दिवशीपासून ताटली रूपलच्या खोलीत जाऊ लागली. तसं कुणी ठरवलं नाही, कुणी चांदनीला विचारलंही नाही. रूपल बिचारी एकदा येऊन म्हणाली, "भाभी, मला काही येत नाही हो, मी फक्त ठीक आहे म्हणते." आणि ठीक आहे म्हणण्यावर दुकान चालत राहिलं. कपाटं भरायची, रिकामी व्हायची. ज्या जिभेसाठी चांदनीचं ऑपरेशन निवडलं गेलं होतं, तिच्यावाचून कुणाचं काही अडलं नाही.

चांदनी त्या आठवड्यात फार रडली नाही. तिने सुरतेला फोन करून वेळ घेतली आणि अभिनंदनला फक्त दिवस सांगितला.

पुन्हा दुर्बीण झाली. डॉक्टरांनी पडद्यावर चित्र दाखवलं, अन्ननलिकेत आतून सोललेले लालभडक पट्टे होते. "याला आता गोळ्या पुरणार नाहीत," ते म्हणाले. "बायपास करावा लागेल. दुसऱ्यांदा पोट उघडायचं म्हणजे पहिल्यापेक्षा अवघड असतं, हेही सांगतो."

मग ते अभिनंदनकडे वळले. "आणि तुमचं काय झालं? तुम्ही येणार होतात. साखर कशी आहे?"

"आहे तशीच." अभिनंदन खुर्चीत सावरून बसला. "खरं सांगू का साहेब, हिची ही हालत बघितली आणि माझं मन उडालं. धडधाकट बाई होती."

चांदनी त्याच्याकडे वळली. तिचा आवाज आधीच बसलेला होता, त्यामुळे ओरडायचं म्हटलं तरी ते कुजबुजल्यासारखं आलं.

"माझी हालत बघून? डॉक्टरांनी मला हे सांगितलं नव्हतं करायला. तुम्ही सांगितलं होतं."

"इथे कशाला..."

"तुमच्यासाठी निघालो होतो आपण. साखर तुमची, पाय तुमचे. माझ्यावर करून बघितलंत, आणि आता म्हणताय मन उडालं."

डॉक्टर समोरचे कागद सारखे करत राहिले. अभिनंदनचे कान लाल झाले होते. "घरी जाऊन बोलू," तो म्हणाला.

"घरी नको. डॉक्टर, तारीख द्या. बायपास करा."

"तुम्ही दोघं एकदा..."

"पोट माझं आहे. सही मी करते."

अभिनंदन म्हणाला, "तू म्हणशील तसं." त्याच्या बोलण्यात होकार नव्हता. पुढे काय होईल ते तुझं तू बघ, असा तो सूर होता. ऑपरेशनच्या दिवशी तो आला, पण संध्याकाळी दुकानाचं कारण सांगून परत गेला. दवाखान्यात तिच्याजवळ तिचा भाऊ जगदीश राहिला. तो शहाद्याहून आला होता. त्याने एकदा विचारलं, "जिजाजी फोन करतात का?" ती म्हणाली, "करतात." अभिनंदन जगदीशला फोन करायचा, तिला नाही.

दुसऱ्या ऑपरेशननंतर ती बरेच दिवस दवाखान्यात राहिली. आतली शिवण गळली नाही, पण ताप आला, सलाईनने दोन्ही हात काळेनिळे झाले. तरी एक सकाळ अशी आली की ती आडवी पडली होती आणि छातीत काही जळत नव्हतं. तिने जगदीशला सांगितलं नाही. नुसती पडून राहिली. किती दिवसांनी पाठ पूर्ण टेकली होती. तिला आनंद व्हायला हवा होता. तिच्या मनात फक्त एवढंच येत होतं की हे पहिल्याच ऑपरेशनात होऊ शकलं असतं.

घरी आल्यावर महिन्याभराने मदिना तिला बघायला आली. बसली, पाणी प्यायली, इकडचं तिकडचं बोलली. मग चाचरत म्हणाली, "भाभी, माझ्या मुलीला, इफ्फतला, पण सुरतेला दाखवायचं म्हणत होतो. तिचं वजन, थायरॉइड, तुम्हाला माहीत आहे. जावई, सलाउद्दीन, दुकानात शेठना विचारून आला. शेठ म्हणाले, नका पडू त्यात, आमच्याकडे बघा, ऑपरेशन बिघडलं, दोनदा पोट कापावं लागलं."

"असं म्हणाले?"

"सगळ्यांनाच सांगतात ते. बिघडलं होतं का हो?"

चांदनी म्हणाली, "डॉक्टरांनी सांगितलं ते केलं नाही, म्हणून बिघडलं. इफ्फतला घेऊन जा. डॉक्टर काय म्हणतात ते इफ्फतला स्वतःला ऐकू दे. आणि कोणतं करायचं ते तिच्याच तोंडून निघू दे, सलाउद्दीनभाईंच्या नाही."

मदिनाने मान हलवली, पण तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं, तिला शेठचंच खरं वाटतंय. समोर घोगऱ्या आवाजाची, केस विरळ झालेली बाई बसली होती. तिचा सल्ला कोण घेणार?

त्या वर्षी हिवाळ्यात अभिनंदनच्या पायावर शेडमध्ये तापलेलं तेल सांडलं. पाय बधिर झालेले, त्याला कळलंच नाही. संध्याकाळी त्याचा मोजा काढताना चांदनीला तो अंगठ्याशी चिकटलेला दिसला. जखम चिघळली. नंदुरबारला नेलं, पट्ट्या झाल्या, इंजेक्शनं झाली, शेवटी उजव्या पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट काढावं लागलं.

घरी आणल्यावर तो पाय उशीवर ठेवून दिवाणावर पडून असायचा. चांदनी पट्टी बदलायची, साखर तपासायची, इन्सुलिन द्यायची. सगळं वेळच्या वेळी करायची. एका दुपारी पट्टी बांधून ती उठत होती तेव्हा त्याने तिचा हात धरला. बऱ्याच दिवसांनी.

"चांदनी, जखम भरली की माझं करून टाकू. तू ठरव. स्लीव्ह की बायपास, तू सांगशील ते."

हे ऐकायला ती किती दिवस थांबली होती! कधीकाळी ती हे ऐकून त्याच्याजवळ बसली असती.

"तुम्हाला कोणतं ते डॉक्टरांनी पहिल्या दिवशीच सांगितलंय," ती म्हणाली.

"ते झालं. पण तू सांग. तू दोन्ही बघितलीस."

"मी सांगितलं आणि काही बिघडलं तर?"

त्याने तिचा हात सोडला.

"माझं तुम्ही ठरवलंत. बिघडलं, तर ते माझं होतं. गावभर तुम्ही तेच सांगितलंत. उद्या तुमचं मी ठरवलं आणि बिघडलं, तर तेही माझंच होईल. तुमचं तुम्ही ठरवा."

आतल्या खोलीतून हुलासबाई म्हणाल्या, "पाय गेलेल्या नवऱ्याला असं बोलतात का, बिनणी?"

"पाय नाही गेला, बाई. दोन बोटं गेली," चांदनी म्हणाली आणि पट्टीचा कचरा उचलून मोरीकडे गेली. हात धुताना तिच्या लक्षात आलं, त्याचा पडलेला चेहरा बघून आपल्याला बरं वाटलं होतं. तिला स्वतःची थोडी भीती वाटली. पण वाईट वाटलं नाही.

जखम भरायला उन्हाळा लागला. अभिनंदन काठी घेऊन दुकानात बसू लागला. तारीख त्याने घेतली नाही. कुणी विचारलं तर म्हणतो, "बायकोचा विचार चालू आहे." लोक मग चांदनीला विचारतात. ती सांगते, "त्यांना विचारा."

संध्याकाळी सूर्य मावळायच्या आत ती आपली वाटी घेऊन गच्चीवर जाते, हळूहळू, एकेक घास चावून खाते. खालून कढईत काहीतरी सोडल्याचा आवाज येतो. तो कशाचा आहे ते तिला वासावरून अजूनही कळतं. वाटी धुऊन ती खाली येते, त्याची साखर तपासते आणि मशीनवरचा आकडा मोठ्याने वाचून दाखवते. तो ऐकतो आणि टीव्हीचा आवाज वाढवतो.